भाव जाहीर होतो, काटा लागत नाही

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही तो कळेल. तुमच्या सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे. डॉक्टर सांगतात, गहू-भात कमी करा, ज्वारी-बाजरी खा, डाळी खा. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारी किराणा दुकानात पन्नाशीच्या घरात. वीस वर्षांपूर्वी बार्शी भागातल्या तुमच्याच रानात मालदांडी ज्वारी उभी असायची. आता तिथे सोयाबीन आहे आणि विहिरीजवळच्या तुकड्यात ऊस. तुम्ही विचारता, यात सरकारी धोरणाचा हात किती आणि आमचा किती?

मी सत्तावीस वर्षे कोरडवाहू शेतीत काम करतो आहे, आधी कृषी खात्यात आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्यांबरोबर. हात मोठा आहे, हे आधीच सांगतो. ज्वारी पेरू नका असा जीआर कधीच निघाला नाही. तरीही मोबदल्याची खात्री कुठल्या पिकाला आणि जोखीम कुठल्या पिकाला, हे धोरणानेच ठरवत नेले. शेतकरी हिशेबी माणूस असतो. त्याने खात्रीच्या पिकाकडे जायचे ठरवले, यात त्याची चूक नाही.

सुरुवात १९६५ पासून करावी लागते. त्या वर्षी धान्य खरेदी करून साठवणारे भारतीय अन्न महामंडळ आणि सरकारला पिकांचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, बोटी आल्या की चूल पेटायची. त्या परिस्थितीत सरकारने गहू आणि तांदळाच्या नव्या वाणांवर भर दिला, पंजाब-हरियाणात खरेदीची यंत्रणा उभी केली आणि कोठारे भरली. मी त्याला नावे ठेवणार नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे लोकांनी लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, आणि सुकडीवर दिवस काढले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना भरलेल्या कोठाराची किंमत सांगावी लागत नाही. चूक नंतर झाली. टंचाईच्या काळात दोन धान्यांसाठी बांधलेली यंत्रणा पोट भरल्यानंतरही तशीच चालू राहिली, आणि बाकीची पिके तिच्या दाराबाहेर उभी राहिली.

केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये, मालदांडीला ३,७४९, तुरीला ८,०००, सोयाबीनला ५,३२८. वर्तमानपत्रात तक्ता येतो आणि शहरातल्या माणसाला वाटते, सगळ्यांना भाव मिळाला. खेड्यात मात्र पहिला प्रश्न असतो, ‘काटा कुठं लागलाय?’ खरेदी केंद्र उघडले, बारदाना आला, वजन झाले, पावती मिळाली, तरच तो भाव खरा. पंजाबात गव्हासाठी मंडीत काटा लागणार हे पेरतानाच माहीत असते. आपल्याकडे ज्वारीसाठी तो लागेल की नाही, लागला तर कधी, आणि लागेपर्यंत आपल्याला थांबता येईल का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी केंद्राने नेमलेल्या शांता कुमार समितीने २०१५ च्या अहवालात म्हटले होते की हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकू शकणारे शेतकरी जेमतेम ६ टक्के आहेत.

ज्वारीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे आणि ती फार कमी लोक बोलून दाखवतात. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली आपली मालदांडी ३५-१ रब्बीत येते. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी मऊ. तिला बाजारात बहुतेक वर्षी हमीभावापेक्षा जास्तच दर मिळतो. म्हणून सरकारी काट्यावर ती येतच नाही. जी येते ती बहुतेक संकरित ज्वारी, ज्यात पावसात सापडून काळी पडलेलीही असते. मग अधूनमधून एखाद्या जिल्ह्यात रेशनवर ज्वारी वाटली जाते, बायका दळून आणतात, भाकरी थापताना तुटते, चवीला उतरत नाही, आणि गावात बोभाटा होतो की रेशनची ज्वारी खाण्यालायक नसते. अधिकारी वर कळवतात, ‘लोकांना ज्वारी नको आहे.’ माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे. लोकांना ती ज्वारी नको होती.

हमीभाव काढताना ज्वारीचे खरे अर्थकारणही नीट पकडले जात नाही. आपल्या भागात ज्वारी फक्त दाण्यासाठी कधीच पेरली गेली नाही. कडबा हे तिचे दुसरे पीक. ज्या वर्षी चाऱ्याची टंचाई असते त्या वर्षी कडब्याची शेकडा पेंढी दाण्याच्या बरोबरीने पैसे देते. खरेदी मात्र फक्त दाण्याची होते. दावणीला बैल होते तोवर कडबा घरातच खपायचा. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि ज्वारीचा निम्मा आधार सुटला. त्यात काढणी. मालदांडी उंच वाढते, ती हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, मग मळणी. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे काम करायला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरीत निम्मा दाणा जातो. सोयाबीनला हार्वेस्टर येतो आणि दोन तासांत रान मोकळे करून जातो. यंत्रांच्या अनुदानाच्या यादीकडे पाहा. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ऊसतोडणी यंत्र सगळे आहे. उंच रब्बी ज्वारी उपटून कडबा न चिरडता बांधणारे, लहान शेतकऱ्याला परवडणारे यंत्र मी अजून एकाही गावात रोजच्या वापरात पाहिलेले नाही. संशोधनाचा पैसा कुठे गेला, हे या एका गोष्टीवरून कळते.

सोयाबीनने तुमच्या रानातला क्रमच बदलला. पूर्वी भारी काळ्या जमिनीत खरीप मोकळा ठेवायचे किंवा मूग-उडीद घ्यायचे. परतीच्या पावसाची ओल जमिनीत धरायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरायची. ती ओल पुढचे चार महिने पिकाला पुरायची. सोयाबीन ऑक्टोबरात निघते तेव्हा ओल उडालेली असते, ज्वारीची वेळही गेलेली असते. मग हरभरा टाकला जातो. म्हणजे सोयाबीनने थेट ज्वारीची जागा घेतली असे वरवर दिसत नाही, पण ज्वारीच्या वाट्याची ओल त्याने घेतली. १९६० च्या सुमाराला महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरवर ज्वारी होती. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही उरलेली नाही, आणि सोयाबीन ५० लाख हेक्टरच्या आसपास पोचले आहे. आपण सोयाबीनचा दाणा खात नाही. तो तेलासाठी कारखान्यात जातो आणि पेंड कोंबड्यांना. ज्या रानातून घराची भाकरी, भाजी आणि जनावरांचा चारा निघायचा, त्या रानातून आता पैसे निघतात, आणि त्या पैशातून भाकरी विकत घ्यावी लागते. भाव पडला की दोन्हीकडून मार.

आता उसाबद्दल. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथे तिसाच्या वर साखर कारखाने आहेत. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच एका अहवालात लिहिले होते की महाराष्ट्रात ४ टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. शेतकरी उसाकडे का जातो, हे समजून घेण्यासाठी कायदा बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावीच लागते. ती थकली तर साखर आयुक्त जप्तीची कारवाई करू शकतात. पैसे थकतात, आंदोलने होतात, हे मला माहीत आहे. तरीही मागायला एक दार आहे, ठोठवायला एक कायदा आहे. ज्वारी, करडई, मटकी, हुलगा पिकवणाऱ्याला असे दारच नाही. पिण्याच्या पाण्याला टँकर लागणाऱ्या तालुक्यात ऊस उभा दिसतो तो या खात्रीमुळे. उसाला शिव्या देऊन तो कमी होणार नाही. एका एकराच्या उसाचे पाणी कितीतरी एकरांच्या ज्वारीला संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरते पाणी, म्हणून द्यायचे असेल, तर त्या सगळ्या एकरांनाही तशीच खात्री द्यावी लागेल.

डाळींची गोष्ट मी जवळून पाहिली आहे आणि ती आठवली की अजून त्रास होतो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत चढली. सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरायला सांगितले, २०१६-१७ साठी बोनससह ५,०५० रुपये हमीभाव जाहीर केला. पाऊस चांगला झाला, तूर भरभरून आली. त्याच वेळी परदेशातून डाळी येत होत्या आणि डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती. भाव कोसळला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. मी ज्या एका केंद्रावर जात होतो तिथे बारदाना संपला आणि शेतकरी नऊ दिवस ट्रॉलीखाली झोपले. घरून भाकरी यायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, ‘साहेब, पेरा म्हणून सांगायला तुम्ही घरी आला होतात, आता घ्यायला कोण येणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. निर्यातबंदी २०१७ च्या उत्तरार्धात उठली, तोवर बहुतेकांनी व्यापाऱ्याला मिळेल त्या दराने तूर घालून टाकली होती. पुढच्या वर्षी मी त्याच गावांत तुरीचे बियाणे घेऊन गेलो तेव्हा कुणी दार उघडले नाही असे झाले नाही, चहा मिळाला, पण बियाणे कुणी घेतले नाही.

हे सगळे ताटापर्यंत कसे पोचते ते बघा. भाव चढला की सरकार शहरातल्या ग्राहकासाठी आयात खुली करते. २०२१ पासून तुरीची आयात जवळपास खुलीच आहे. भाव पडला की शेतकरी पेरा कमी करतो. मग डाळ पुन्हा महागते. गरीब घरात डाळ पातळ होत जाते आणि शेवटी चटणी-भात उरतो. म्हणजे आयातीने ग्राहकाचे भले होते ते काही महिन्यांपुरते.

खताचेही तेच आहे, थोडक्यात सांगतो. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे आणि फरक सरकार भरते. जो जास्त युरिया टाकतो, ऊस-गहू-मका घेतो, त्याला जास्त अनुदान. जो तूर, मूग, हरभरा पेरतो, ज्याच्या पिकाच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, त्याला या कामाबद्दल एक रुपया मिळत नाही. जमीन सांभाळणाऱ्याला मोबदला द्यायचा असेल तर सुरुवात इथून करता येते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने नैसर्गिक शेतीसाठी २,४८१ कोटींचे अभियान मंजूर केले. चांगले आहे, पण एकट्या युरियावर दरवर्षी एक लाख कोटींहून जास्त खर्च होतो हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

आता रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य हा हक्क झाला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मी कितीतरी घरे पाहिली आहेत जी या पाच किलोवर उभी आहेत. ते काढून घ्या असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात तांदूळ, गव्हाच्या शेजारी भरडधान्यही, म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, लिहिलेले आहे, किलोला एक रुपया दराने. कायद्याने दार उघडे ठेवले आहे, आपल्याकडे आत फारसे कुणी गेले नाही. डाळ आणि तेल तर कायद्यातच नाही. तमिळनाडूने स्वतःच्या खर्चाने किलोमागे ३० रुपयांत तूरडाळ द्यायला सुरुवात केली आणि चालू ठेवली. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला: शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. सणाला हातभार लागला, त्याबद्दल वाद नाही. पण या यादीत चणाडाळ सोडली तर आपल्या कोरडवाहू रानातले काही नव्हते. करडई ही सोलापूर-मराठवाड्याची. ज्वारीत तिचे पाटे, म्हणजे मधल्या ओळी, असायचे. घाण्यावरचे तिचे तेल घरात असायचे. नव्वदीच्या दशकात तेलाची आयात खुली झाली, स्वस्त पामतेल आले आणि करडई मागे पडली.

तुम्ही अंगणवाडीचे विचारले नाही, पण मला ते सोडवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के रोडावलेली आढळली. रोडावलेल्या मुलांचे देशाचे प्रमाण १९.३ टक्के होते, म्हणजे आपण देशापेक्षा वाईट. ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पॉलिश केलेल्या तांदळात दहा-बाराही भरत नाही. बाजरीत लोह आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह-जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. हे सगळे आपल्याच मातीत असताना आपण तांदळात बाहेरून लोह मिसळण्याचा रस्ता धरला. शाळेत आठवड्यातून एक अंडे द्यायचा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरात झाला आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्याचा निधी बंद केला, लोकसहभागातून द्या म्हणून.  ज्या राज्यात एवढी मुले रोडावलेली आहेत, तिथे ही बचत मला पटत नाही.

हे बदलता येते का? ओडिशाने करून दाखवले. २०१७ मध्ये त्यांनी आदिवासी भागात भरडधान्य अभियान सुरू केले. आधी बचत गटांकडून बियाणे जपले, शेतकऱ्यांना पहिली काही वर्षे हेक्टरी प्रोत्साहन दिले, गावाजवळ मळणी आणि सफाईची यंत्रे नेली, मग मांडिया म्हणजे नाचणीची खरेदी सुरू केली, आणि तीच नाचणी त्याच भागात रेशनवर आणि अंगणवाडीत लाडू करून दिली. मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती साखळी. बियाणे, यंत्र, काटा आणि ताट, चारही एकाच योजनेत होते. आपल्याकडे २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, नाचणीची बिस्किटे आली. काटा मात्र फारसा हलला नाही. कर्नाटकात उत्तरेकडच्या जिल्ह्यांत ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी रेशनवर देण्याचे धोरण आहे. तेही अडखळत चालते, पण विजापूर तुमच्यापासून किती लांब आहे?

आपला हात किती, हेही विचारले होतेत. थोडा आहे. गव्हाची पोळी पाहुण्यांची आणि भाकरी गरिबाची, ही समजूत कुठल्या मंत्रालयाने घातली नाही. आणि भाकरी थापायला रोज पहाटे चुलीपुढे कोण बसते, हेही पाहिले पाहिजे. शेतात मजुरीला जाऊन आलेल्या बाईला कुकर लावणे सोपे पडते. तिला ज्वारी खा असा उपदेश करण्यापेक्षा गावात पिठाची चांगली गिरणी आणि बचत गटाचे भाकरी केंद्र उभे करणे मला जास्त उपयोगाचे वाटते. सासऱ्यांबाबत एक सांगतो, ज्वारीत तंतू जास्त असतात म्हणून ती सावकाश पचते, पण चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. डाळ, पालेभाजी बरोबर हवी आणि मापात हवे. औषधाचे डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्या हातात येत्या हंगामात जे आहे ते सांगतो. विहिरीजवळचा तुकडा राहू द्या. वरच्या रानातला एक एकर या वर्षी सोयाबीनमधून मोकळा ठेवा, मूग घ्या आणि मागून मालदांडी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ पेरा. जमीन मध्यम असेल तर ‘फुले सुचित्रा’ बघा. कडेने करडईचे पाटे टाका. घराला खायला ज्वारी आणि जनावरांना कडबा यातून निघतो. मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत ज्वारी आणि करडई दोन्हींची नोंद स्वतः करा. सातबाऱ्यावर पीक दिसले नाही तर काटा लागला तरी तुमची नोंदणी होणार नाही, आणि तालुक्यात ज्वारीच नाही असे कागदावर दिसले तर काटाही लागणार नाही.

दुसरे काम ग्रामसभेत. ठराव असा लिहा की आमच्या गावच्या रेशन दुकानात गव्हाच्या काही भागाऐवजी ज्वारी द्यावी, ती याच जिल्ह्यात खरेदी केलेली असावी, आणि वाटण्याआधी दुकानातल्या नमुन्याची भाकरी दक्षता समितीसमोर करून पाहावी. शेवटचे कलम गमतीचे वाटेल, पण ते काढू देऊ नका. रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती अन्नसुरक्षा कायद्यातच आहे, बहुतेक गावांत ती फक्त कागदावर असते. तिच्यावर कोण आहेत हे आधी तलाठ्याकडे किंवा दुकानदाराकडे विचारून घ्या आणि बचत गटातल्या दोघीजणी तिथे बसतील असे बघा. केंद्राने २०२१ च्या अखेरीस खरेदी केलेली ज्वारी वाटण्याची मुदत ९ महिन्यांपर्यंत वाढवली आहे. म्हणून ‘माल वाटायला वेळ पुरत नाही’ असे कुणी सांगितले तर हा नियम दाखवा. ठरावाची एक प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा पणन अधिकाऱ्यांना, पोच घेऊन. हे डिसेंबरच्या आत व्हायला हवे, कारण हुरड्याच्या दिवसांत खरेदीची आखणी होते आणि सुगी सुरू झाल्यावर दिलेला अर्ज पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो.